तळ्याची दुरुस्ती

झाड उलटं कसं झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तमाशा नीट कळेल. तोकिएदा सानाए ही आमच्या गावची लाकडी ठशांची चित्रं करणारी बाई. चेरीच्या फळीवर चित्र कोरायचं, रंग लावायचा, वर ओलसर कागद ठेवून पाठीवरून चोळायचं, हा तिचा उद्योग. आता फळीवर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे उमटणार, हे नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी कळतं. म्हणून चित्र आधी पातळ कागदावर काढतात आणि फळीवर पालथं चिकटवतात. पण त्या संध्याकाळी तोबिनुमाच्या तळ्यावर ऊन असं काही उतरलं होतं की सानाएला दम निघाला नाही. तिने मांडीवरच्या फळीवरच थेट कुंचला चालवला. घरी येऊन कोरलं, छापलं आणि बघते तर काय, उजव्या काठावरचं वाळुंजाचं झाड डाव्या काठावर! मधला डोंगर दोन्हीकडून सारखाच, तो बिचारा जागच्या जागी राहिला.

तिने कपाळावर हात मारला. पण पाण्याचा रंग इतका झकास उतरला होता की फळी फेकवेना. जाऊ दे झालं, झाडाला कुठे कळतंय, म्हणून तिने चित्र तसंच ठेवलं.

आणि नेमकं त्याच चित्राला तोक्योत बक्षीस मिळालं. मग काय विचारता! गावाच्या अंगात आलं. गटारांच्या लोखंडी झाकणांवर ते चित्र, मोची नावाच्या तांदळाच्या मिठाईच्या खोक्यांवर ते चित्र, नगराध्यक्षांच्या टायवरसुद्धा तेच. तळ्याकाठी लाकडी ओटा बांधला. पाहुणे बस भरभरून यायला लागले. ओट्यावर उभे राहायचे, हातातल्या खोक्याकडे बघायचे, तळ्याकडे बघायचे, पुन्हा खोक्याकडे. एकजण कुणी म्हणेल की चित्र उलटं आहे? छे! आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. जाताना तिकिटाच्या खिडकीशी वाकून सांगायचे, "फार सुंदर होतं हो. मीच बहुतेक भलत्या ठिकाणी उभा राहिलो."

असं सगळेच बोलायला लागले तेव्हा पर्यटन खात्याच्या ओगिनोसाहेबांना घाम फुटला. ते खरबुजाचं खोकं घेऊन सानाएच्या दारात हजर झाले.

"बाई, तळ्याची चूक आमच्या लक्षात आली आहे. गावातर्फे माफी मागायला आलोय."

"तळ्याची? तळ्याने काय केलं?"

"झाड भलत्याच काठावर आहे. तुमच्या चित्रात डावीकडे, आणि तिथे बघावं तर उजवीकडे. पूर्वीच्या लोकांनी लावताना लक्ष दिलेलं दिसत नाही. पण तुम्ही काळजी करू नका. पानं गळली की ते तोडतो आणि डावीकडे छान नवीन लावतो. अगदी चित्राबरहुकूम!"

सानाए लग्न होऊन या गावात आली, तेव्हा तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं, आणि ती त्या झाडाखाली जाऊन बसायची. चितारायला शिकली ती त्याच्याच फांद्या बघून. "ओगिनोसाहेब, झाड बरोबर आहे हो! चूक माझी आहे. मी घाईत सुलटं काढलं, ते उलटं उमटलं. नवशिक्यासारखी चूक केली मी."

ओगिनोसाहेबांचे डोळे भरून आले. "किती हा नम्रपणा!" असं म्हणत ते वाकून वाकून मागे सरले आणि चप्पल चुकीच्या पायात घालून गेले.

नगरसभेत ती स्वतः गेली. कपाळ चटईला टेकवून म्हणाली, "मी चुकले. माझ्या हातात कला नाही. झाडाला शिक्षा करू नका." सगळ्या सभेने टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी रुमाल काढला. नगराध्यक्ष नुमाता गहिवरून म्हणाले, "एवढी मोठी कलावंत, आणि तळ्याची चूक आपल्या अंगावर घेते!" बाईंचा नम्रपणा दगडावर कोरून ओट्याशेजारी उभा करावा, असा ठरावही लगेच झाला. झाड तोडायचं ते ठरलंच होतं.

त्यांचा तरी काय दोष? आमच्याकडे महागडी भेट आणणारा म्हणतो, कसलंतरी आहे, गोड मानून घ्या. जेवणाने ताट भरलेलं असतं आणि यजमानीण म्हणते, आज काहीच केलं नाही. माणूस "मी चुकलो" म्हणाला की ते खरं मानायचं नसतं, हे आम्ही आईच्या मांडीवर शिकतो. सानाए खरं बोलत होती, आणि खरं बोलायला तिच्याजवळ नेमके तेच शब्द होते.

शेजारची फुकी, टोफूवाली, गावच्या न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसून तिला म्हणाली, "वाक, अजून वाक. कंबर जाईल तुझी, झाड तर जाणारच आहे."

"मग करू तरी काय, फुकीताई?"

"ताठ उभी राहा आणि झाप एकेकाला."

"मी? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता म्हणताहेत ते गोड लागतंय होय तुला?"

हे तिला फार लागलं, कारण थोडं गोड लागत होतंच.

तोडायच्या दिवशी पुजारी आला, बुंध्याशी साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली गेली, पिवळ्या टोपीची माणसं करवत घेऊन उभी राहिली. नगराध्यक्षांनी घसा साफ केला. तेवढ्यात सानाए गर्दी सारत पुढे आली. आयुष्यात ती नवऱ्यावरसुद्धा ओरडली नव्हती.

"बंद करा हा मूर्खपणा!" ती कडाडली. "ते चित्र माझं आहे! या तळ्यातलं मला जेवढं कळतं तेवढं तुमच्यातल्या एकालाही कळत नाही. माझ्यासारखी चित्रकार या गावात झाली नाही आणि होणारही नाही! हे झाड इथेच राहणार. का, म्हणून विचारू नका. मी सांगते म्हणून! एक डहाळी मोडलीत तर त्या झाकणांवरचं, खोक्यांवरचं आणि तुमच्या गळ्यातलं चित्र उतरवायला लावीन!"

कुणाच्या तरी हातातला पेला पडला. नगराध्यक्षांनी टाय हाताने झाकला. आणि मग सगळी गर्दी एकदम कंबरेत वाकली. "जशी बाईंची आज्ञा," ओगिनोसाहेब पुटपुटले. करवत गाडीत परत गेली.

त्या दिवसापासून लोक तिला बघून रस्ता ओलांडायला लागले. डोक्यात हवा गेली बाईच्या, असं कुजबुजायला लागले. दगडावरचं कोरीवकाम अर्ध्यात थांबलं. सानाएला वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण झाड वाचलं होतं, आणि त्या आनंदापुढे बाकीचं तिला पेलत होतं.

हिवाळा सरला. वाळुंजाला कोवळी पानं फुटली असतील, म्हणून सानाए चितारायचं सामान घेऊन तळ्यावर गेली. ओट्यावर ही गर्दी! ओगिनोसाहेब हातावर हात ठेवून बसणारे नव्हतेच. झाडाला हात लावायचा नाही ना? मग त्यांनी ओट्याच्या मागच्या बाजूला भिंतीएवढा लखलखीत आरसा उभा केला होता. सगळे पाहुणे तळ्याकडे पाठ करून आरशात बघत होते. आरशात मधोमध डोंगर, आणि वाळुंज बरोबर डावीकडे. "अगं बाई, अगदी चित्रासारखं!" म्हणत फोटो काढत होते. त्यांच्या पाठीमागे बगळ्यांचा थवा झाडावरून फडफडत उठला, पण एकही मान वळली नाही.

सानाए एकटीच कठड्याला टेकून, गर्दीकडे पाठ करून त्या पानांकडे बघत राहिली.

कुणीतरी तिची बाही हळूच ओढली. तरुण मुलगी होती, चांगल्या घरातली दिसत होती, आणि अनोळखी माणसाला टोकायचं म्हणून लाजेने लाल झाली होती.

"माफ करा हं, आजी," ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "तळं इकडे आहे."

आणि तिने सानाएला दोन्ही खांद्यांना धरून, फार मायेने, आरशाकडे वळवलं.