मेंढीचे दात

बायको रंगू गेली हे बिराप्पाला कळलं तेव्हा तो पलूसच्या बाजूला एका रानात वाघूर सोडत होता. ऊस तुटून गेला होता आणि मालकाने खतासाठी आठ दिवस मेंढरं बसवून घेतली होती. सकाळची वेळ होती. मेंढरांभोवतीची जाळी गुंडाळून तो खांद्यावर टाकणार, एवढ्यात मालकाचा मुलगा जयराज मोटारसायकलवरून आला. गाडी त्याने बंद केली नाही.

"काका, घरी जायला लागतंय. काकूंची तब्येत बरी न्हाई."

"दवाखान्यात हाय का?"

"चला तर आधी."

जयराज बोलत होता बिराप्पाशी, पण बघत होता मेंढरांकडे. बिराप्पाने जाळी खाली ठेवली. पुढे कुणी काही सांगायची गरज पडली नाही.

म्हसवडच्या पलीकडे, माळावर, त्यांची वस्ती होती. बिराप्पा कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरला की गाभण मेंढ्या आणि कोकरं घेऊन रंगूबाई मागे राहायची. दरसाल तसंच चालायचं. त्या सकाळी शेजारणीला ती मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी पडलेली दिसली. डोक्यात फटका होता. वाड्यातल्या चार मेंढ्या गायब होत्या, चारही दोन दाती. मेंढीला दीड वर्षाच्या सुमाराला पुढचे दोन मोठे दात येतात, मग दर वर्षाला दोन. आठ झाले की ती जुळली म्हणायचं. चार-साडेचार वर्षं लागतात. धनगराच्या पोराला हे शाळेत जायच्या आधी येतं.

महिन्याभराने पोलिसांनी गुंडाला धरलं. गुंडा जतकडचा, रंगूच्या चुलत बहिणीचा, बनूबाईचा, मुलगा. चोवीस वर्षांचा होता. खुनाच्या दोन दिवस आधी तो मावशीला भेटून गेला होता, हे वस्तीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या वाड्यात बिराप्पाच्या खुणेच्या दोन मेंढ्या निघाल्या. डाव्या कानाला टोकाशी चीर, उजव्याला मागून खाच. ही खूण बिराप्पाच्या आजापासूनची.

"रंगूमावशीनंच दिल्यात," गुंडा म्हणत होता. "पाच सालामागं आमचा कळप रोगानं मेला तवा दोन कोकरं दिली तिनं. इचारा की कुणालाबी."

विचारायचं कुणाला? रंगू नव्हती. बनूबाई त्याची आई, तिचं कोण ऐकणार? कुणाचा कळप बुडाला की भाऊबंदांनी एकेक कोकरू द्यायचं, ही चाल होतीच. आणि दिलेल्या जनावराचा कान दुसऱ्यांदा कापत नाहीत, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. पण घरची कोकरं रंगू बघायची. ती बिराप्पाला काही बोलली नव्हती, किंवा बोलली असेल आणि त्याने ऐकलं नसेल.

पंचांसमोर त्याला मेंढ्या ओळखायला लावल्या. त्याने कान पाहिले. मग सवयीने एकीचा जबडा धरला आणि अंगठा आत घातला.

आठ दात. जुळलेली.

दुसरीचाही जबडा धरला. तीही जुळलेली. त्याच्या गेलेल्या मेंढ्यांना दोन-दोन दात होते. महिन्यात कुठल्या मेंढीला सहा दात येत नाहीत.

त्याने अंगठा धोतराला पुसला. फौजदाराने विचारलं, "तुझीच का?"

"माझीच," बिराप्पा म्हणाला. "खूण माझी हाय."

ते खोटं नव्हतं. दातांचं कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्या वेळी त्याला कुणीतरी हवा होता. पुढे बिरोबाच्या देवळापुढे गाव बसलं. नानासो म्हणजे त्याचा चुलतभाऊ, गावातला जाणता माणूस. तो म्हणाला, "भंडारा उचल बिराप्पा, म्हंजे कुणाच्या मनात राहायला नगं." बिराप्पाने हळद मुठीत घेतली आणि मेंढ्या आपल्या वाड्यातल्या आहेत असं देवाच्या शपथेवर सांगितलं. साताऱ्याच्या कोर्टातही तेच सांगितलं. गुंडाला जन्मठेप झाली.

मेंढ्या बिराप्पाला परत मिळाल्या. रोज त्या त्याच्या डोळ्यांपुढे चरत होत्या. तीन-चार वर्षांत त्यांचे दात झिजले, हलायला लागले, पडले. ज्यांना अजून जवान म्हणायला हवं होतं त्या मेंढ्या बोळक्या तोंडाने कोवळा पाला शोधत फिरायच्या. एकेक करून दोघी म्हातारपणाने मेल्या. त्याने त्या विकल्याही नाहीत आणि कापूही दिल्या नाहीत. लोकांना वाटायचं, बायकोची आठवण म्हणून सांभाळतोय.

दहा वर्षं गेली. कळप घेऊन खाली जाणं त्याने सोडलं होतं. वीस-बावीस मेंढरं उरली होती, त्यांच्याशीच काय बोलणं व्हायचं ते. भाकरी एकदाच थापायची आणि दोन वेळा खायची. रंगूचं घोंगडं त्याने कधी अंथरलं नाही, पण दर दिवाळीला उन्हात टाकायचा.

अशातच एक दिवस नानासो मोबाइल घेऊन आला.

"गुंडा सुटला रं. हायकोर्टानं सोडला. कानाच्या खुणेवर माणसाला खुनी ठरवता येत न्हाई म्हणं. बघणारा कोण न्हाई, हत्यार न्हाई. पुराव्याअभावी निर्दोष." नानासो थुंकला. "तू काळजी करू नगंस. वर जाऊ आपण, दिल्लीला. सगळं गाव तुझ्या मागं हाय."

"बरं," बिराप्पा म्हणाला.

चार दिवस त्याने वाट पाहिली. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाचव्या दिवशी त्याने त्या मेंढ्यांच्या वंशातली एक पाट, लहानशी मेंढी, काखेत मारली आणि जतच्या एसटीत बसला.

"आजोबा, हिचं हाफ तिकीट फाडू का?" कंडक्टर म्हणाला. गाडी हसली. बिराप्पाही हसला आणि तिचं डोकं घोंगडीखाली घेतलं.

गुंडाचं घर बंद असल्यासारखं दिसत होतं. तो मागच्या अंगाला पडलेला कूड बांधत होता. चौतिसाव्या वर्षीच त्याचे केस पांढरे झाले होते. बिराप्पाला बघून त्याने हातातली सुतळी सोडली नाही.

"या काका. पाणी घेताय, का त्याचाबी पंचनामा करायचाय?"

"बनूबाई?"

"आई गेली की. चार सालं झाली. माती द्यायला सोडलं न्हाई मला."

बिराप्पाला ते माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. तो खाली बसला. पाट त्याच्या पायाशी उभी राहिली.

"गुंडा, त्या मेंढ्या जुळलेल्या हुत्या."

गुंडा थांबला.

"पंचांपुढं तोंडात अंगठा घातला हुता मी. आठ दात. माझ्या गेलेल्या दोन दाती हुत्या. मला तवाच कळलं हुतं."

 सुतळीची गाठ त्याने घट्ट ओढली आणि उरलेली दाताने तोडली.

"मीबी सांगितलं हुतं वकिलाला, दात बघा म्हणून. तो म्हणला, मेंढीचे दात कोर्टाला काय कळत्यात. तुमाला कळत हुते की पर काका."

"कळत हुते."

"मग?"

  बिराप्पाने पाट पुढे केली. "ही त्यांच्यातलीच हाय. तुझी."

गुंडाने तिचे कान चाचपले. एकाला चीर, एकाला खाच. तो पहिल्यांदा हसला.

"तुमच्या खुणेचं जनावर? न्हाई बाबा. परत कोण आलं जीप घिऊन तर? घिऊन जावा." मग त्याचं हसू गेलं. "आवं, मी सुटलो म्हंजे काय झालं? पुराव्याअभावी सुटला म्हणत्यात. म्हंजे केलंय, पर घावलं न्हाई. कोण मला मेंढरं राखायला दीना. चुलता दारात हुबा करीना. तुमी जिथं भंडारा उचलला तिथं जाऊन उचला परत. तेवढं करा. मेंढी नगं."

बिराप्पा पाट काखेत घेऊन परत आला. येताना त्याने तिचं तिकीट मागून घेतलं.

रविवारी बिरोबापुढे लोक बसले होते. दिल्लीच्या अर्जावर सह्या घ्यायचं नानासोने ठरवलं होतं. बिराप्पा आला तशी लोकांनी जागा करून दिली. तो बसला नाही. देवळात गेला, मूठभर भंडारा घेऊन बाहेर आला आणि दातांचं सगळं सांगितलं. त्याला बोलायची सवय राहिली नव्हती. दोनदा अडखळला. पण आठ दात, दोन दात, अंगठा, सगळं सांगितलं, आणि खून गुंडाने केला नाही असं म्हणाला.

 एक म्हातारा खोकला.

"वय झालं की आसं हुतंय," नानासो शेवटी म्हणाला. "बस खाली. पाणी द्या रं त्याला."

"माझं डोस्कं ठिकाणावर हाय."

"आसंल. पर इचार कर जरा." नानासोचा आवाज खाली आला. "त्यानं न्हाई मारली, तर मग कुणी मारली? वस्तीवर परका माणूस आला न्हाई त्या रातीला, कुत्रीबी भुकली न्हाईत. शेजारणीनं तसंच सांगितलंय कोर्टात. म्हंजे काय आमच्यातल्यानं मारली?"

बिराप्पाने समोर बघितलं. पंधरा-वीस माणसं होती. सगळी भावकीतली, रंगूला खांदा दिलेली. कुत्र्यांना ओळखीची. कुणी चपला शोधायला लागला, कुणाला बैल सोडायची आठवण झाली. बघता बघता पार रिकामा झाला. सह्यांचा कागद नानासोने घडी करून खिशात घातला. जाताना तो बिराप्पाकडे न बघताच गेला.

बिराप्पाच्या घामेजल्या मुठीत हळद चिकटली होती. ती त्याने कपाळाला लावली, उरलेली पायरीवर ठेवली आणि घरी जाऊन मेंढरं सोडली.

दुसऱ्या दिवसापासून शेजारणीने ताक पाठवणं बंद केलं. गुंडाला त्याने फोन लावून सांगितलं, तुझ्यापुरतं झालं. गुंडा बरं म्हणाला आणि फोन ठेवला. पोलीस ठाण्यात त्याने दातांचं लिहून दिलं. त्यांनी कागद घेतला, वाचला आणि पुन्हा तपास करायचा तर वरून हुकूम यावा लागतो म्हणून सांगितलं.

हुकूम अजून आलेला नाही. रंगूला कुणी मारलं, हे शोधायचं राहिलं आहे.