एक पीळ जास्तीचा

"जरा बेतानं हं साडूभाऊ, ओरिजिनल आहे," असं साडू म्हणाला आणि मिस्त्रीच्या कपाळावरची शीर ताडकन उडाली.

मिस्त्रीच्या गॅरेजात आलेल्या साडूचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या काखेत पुठ्ठ्याचं मोठं खोकं. आठवड्यापूर्वी तो मोटरसायकलवरून घसरला, तेव्हा हाताबरोबर गाडीचं फेअरिंगही, म्हणजे बाजूचं प्लास्टिकचं कवच, फुटलं होतं. एरवी त्यानं स्वतःच बसवलं असतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा हेड फिटर होता तो. 'धाकट्या जावयाचा हात धरणारा फिटर गावात नाही,' असं सासूबाई भर पंगतीत सांगायच्या, आणि थोरल्या जावयाच्या, म्हणजे मिस्त्रीच्या, घशात घास अडकायचा.

"सेंटरवर नाही का बसवून दिलं?"

"देतील की. पण आपल्या गाडीला घरचा माणूस बरा."

मिस्त्रीची बावीस वर्षं बाजारातली स्वस्त कवचं बसवण्यात गेली होती. त्यांची भोकं कधी जुळायची नाहीत. कानस चालव, गरम हवेनं वाकव, मागे वॉशर घाल, असं करत करत न पटणाऱ्या नवराबायकोला एका छपराखाली नांदवावं तसं तो त्यांना गाडीवर नांदवायचा. आज खोक्यातलं कवच त्यानं गाडीला नुसतं टेकवलं. टक्. दुसरा हूक, टक्. तिसराही. कानशीला हात लावावा लागला नाही.

'हे तर आंधळ्यानंही बसवलं असतं! आणि याच्यावर हा लाडका जावई?'

शेवटचा स्क्रू राहिला होता. तो पुरेसा आवळला गेल्याचं बोटांना कळलं होतं. तरी मिस्त्रीनं आणखी एक पीळ दिला. कट्ट! कवचाचा आतला कान, म्हणजे स्क्रू बसतो ती पट्टी, तुटला.

साडू दाराशी पाठमोरा उभा होता. तुटलेला भाग बाहेरून दिसणारही नव्हता. 'ओरिजिनलही तुटतं बरं का,' हे वाक्य तर जिभेच्या टोकावरच होतं. मिस्त्रीनं ते गिळलं.

"साडूभाऊ, कान तुटला. जास्त आवळला मी."

"चालायचंच. होतं चुकून."

"चुकून नाही."

साडू वळला. मिस्त्रीच्या तोंडाकडे त्यानं बराच वेळ पाहिलं. मग खुंटीवरचा दिवा डाव्या हातानं काढून त्यानं गाडीजवळ धरला.

मिस्त्रीनं कवच परत काढलं. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं तारेची बारीक जाळी भेगेत बसवली, वर जुन्या फुटक्या कवचाचंच प्लास्टिक वितळवून भरलं आणि कानशीनं साफ केलं. साडू वाकून बघत होता.

"हे मला येत नाही हो. आमच्याकडे तुटलं की नवीन लावायचं, एवढंच."

मिस्त्रीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

गाडी पोचवायला तोच निघाला, साडू मागे बसला. दारात मेहुणी उभीच होती.

"बाई बाई, नवीकोरी दिसतेय! कंपनीचा माल तो कंपनीचा माल, नाही का हो भाऊजी?"

मिस्त्रीनं मान खाली घातली.

"मालाचं काय घेऊन बसलीस," साडू म्हणाला, "बसवणाऱ्याच्या हातात पण काही असावं लागतं." तुटलेल्या कानाबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही.

चहाला नको म्हणून मिस्त्री पायीच निघाला. इतकी वर्षं या माणसाच्या नोकरीवर जळलो, गणवेशावर जळलो, सासूबाईंनी केलेल्या कौतुकावर जळलो. आता त्याच्या चांगुलपणावरही जळायचं?

फाटकाशी त्यानं मागे वळून पाहिलं. साडू डाव्या हातानं गाडीवरची धूळ पुसत होता. सवय नसलेला हात. फडकं सारखं निसटून खाली पडत होतं.

 मिस्त्री परत आला, वाकून फडकं उचललं, झटकलं.

"व्हा बाजूला," तो म्हणाला, आणि गाडी पुसू लागला.