मी मरळीचा गळ, खिडकीत टोचलेला

मी मरळीचा गळ बोलतोय. जाड, वाकडा आणि अणकुचीदार. माझा जन्मच फसवण्यासाठी झालाय. अंगावर आमिषाची बेडकी मिरवायची आणि आतलं टोक लपवायचं. म्हणून मी कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही. तुमच्यावरही नाही.

अहमदपूरच्या बाजारात सुदामनं मला विकत घेतलं, तेव्हा आधी नखावर घासून पाहिलं. हा माणूस माझ्यासारखाच संशयी आहे, हे मी तिथंच ओळखलं. आमचं छान जमलं. पावसाळ्यात गावच्या तलावात गवताच्या कडेला मी बेडकी घेऊन पडायचो आणि मरळ धाडकन झडप घालायची.

मग थंडी पडली आणि मरळ गायब झाली. नेमकी तेव्हाच सुदामची लेक शीला धर्माबादहून बाळंतपणाला आली. बाळ गुटगुटीत निघालं, पण लेक वाळून गेली. ताट पुढ्यात ठेवलं की तोंड फिरवायची. तिची आई सुभद्राबाई एकच धरून बसली, "बाळंतिणीला मरळच पाहिजे. तिच्यानंच अंग भरतंय."

सुदाम रोज सकाळी मला घेऊन तलावावर जायचा आणि हात हलवत परतायचा. समोरच्या काठावर शेजारचा साहेबराव बसायचा. त्याची पिशवी मात्र रोज फुगलेली. आमच्या तलावावर एक रीत आहे. दुसऱ्याला काय लागलं ते विचारायचं नाही, त्याच्या पिशवीत डोकवायचं नाही. विचारलं की मासा रुसतो म्हणे. त्यामुळे सुदाम विचारेना आणि साहेबराव सांगेना.

"त्यानं पाण्यात कायतरी औषध टाकलंय," सुदाम घरी पुटपुटायचा. "मला बघितलं की पिशवी मागं सारतो." मलाही तसंच वाटू लागलं. लपवलेल्या वस्तूत काहीतरी टोचणारं असतंच, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

एका सकाळी साहेबराव बाभळीआड गेला. सुदाम मला हातात धरूनच तिकडे धावला आणि त्यानं पिशवी उघडली. आत एकही मरळ नव्हती. जाड सोनेरी खवल्यांचे सिपरनस मासे होते, आणि पेंड घालून मळलेला कणकेचा गोळा.

"झालं बघून?" मागून साहेबरावाचा आवाज आला.

सुदामची मान खाली गेली. "मला वाटलं, समद्या मरळी तूच नेऊन राहिलास."

"आन् मला वाटलं, तुझा माझ्या जागेवर डोळा हाय. म्हणून पिशवी लपवून राहिलो." साहेबराव खाली टेकला. "आरं, थंडीत मरळ चिखलात गप पडती. तिच्यापुढं बेडकी नाचवून काय फायदा? मी दिवाळीपासून गळच बदललाय. ह्यो सिपरनस थंडीतबी तळाला चरतो."

"पण शीलाला मरळच लागती."

"शीलाला जेवण लागतंय, सुदाम."

 सुदामनं दातानं तंगुसाची दोरी तोडली, मला टोपीत खोचलं आणि साहेबरावानं दिलेला बारका गळ बांधला. त्या चिमुरड्याला कणीक फासून तळाला सोडलं. ऊन तापायच्या आत सिपरनस काठावर तडफडत होता. मी टोपीवरून सगळं पाहिलं आणि जळून खाक झालो.

दुपारी शीलानं कालवण भुरकलं आणि आणखी भाकरी मागितली. सुभद्राबाईनं पदर डोळ्याला लावला. मरळीचं नाव कुणी काढलंसुद्धा नाही, आणि मला, खरं सांगतो, वाईट वाटलं नाही.

आता मी खिडकीत एका बुचात टोचलेला आहे. काल सुदामनं बाळाच्या मालिशच्या वाटीतलं तेल मला चोळलं. "उन्हाळ्यात जाऊ," म्हणाला. माणसं निरोप देतानाही असंच गोड बोलतात, म्हणून मला शंका आहे. तुम्ही कधी त्याच्या घरी गेलात, तर ऊन वाढल्यावर त्याला माझी आठवण करून द्या. आणि पिशवीत काय आहे ते खुशाल विचारा. आता तो उघडून दाखवतो.