माझी कापलेली वीत

मी एक जुनी मापाची काठी आहे. मित्रांनो, सरोवराकाठच्या आमच्या शाळेत जंतांच्या गोळ्या वाटतात तेव्हा प्रत्येक मूल माझ्या शेजारी उभं राहतं. डोकं ज्या खुणेला लागेल, तितक्या गोळ्या. आणि आधीच सांगून टाकते, मी डूख धरणारी आहे. काही विसरत नाही, काही माफ करत नाही.

माझा जन्मच सुडातून झाला. ओदुओल हा होड्या बांधणारा सुतार. त्याचा थोरला मुलगा पोट फुगून, रक्त ओकून गेला. घराला शाप लागलाय, असं लोक म्हणू लागले. तेव्हा दवाखान्यातल्या आवुओर सिस्टर खवळल्या. "शाप कसला डोंबलाचा! हा पाण्यातला जंत. कातडीतून शिरतो आणि आतड्यापाशी संसार थाटतो. वेळेवर गोळ्या मिळाल्या असत्या तर पोरगा आज तुझ्याबरोबर होड्या बांधत असता."

होडीच्या उरलेल्या फळीतून ओदुओलने मला कापलं, रंधा मारला आणि सिस्टरच्या कागदावरून खुणा कोरल्या. तळाशी वीतभर होडीचा निळा रंग लावला, कारण बिनरंगाचं लाकूड त्याच्या हातून सुटतच नसे. मग मला म्हणाला, "जा. त्या किड्याला सोडू नकोस."

चार वर्षं मी सोडलं नाही. मक्याची पेज पिऊन मुलं रांगेत यायची आणि तोंडं वाकडी करत कडू गोळ्या गिळायची. ओदुओलची धाकटी आपोंदी तर टाचा उंचावून उभी राहायची. एक गोळी जास्त मिळाली तर तिला हवीच होती, भावाचं उट्टं काढायचं होतं ना! सिस्टर तिला टपली मारून खाली आणायच्या.

मग ओबिएरो मुख्याध्यापक आले आणि त्यांच्यामागून एक नवं कपाट आलं. त्यात मी मावेना. माझी पहिली खूण मोठ्या माणसाच्या कमरेशी आहे. "खाली तर काहीच लिहिलेलं नाही. हे लाकूड फुकटच," असं म्हणून त्यांनी करवत घेतली आणि माझी तळाची निळी वीत कापली. त्या तुकड्याचा त्यांनी रूळ केला, मुलांच्या तळहातावर मारायला. माझ्याच हाडाने माझी मुलं मार खाऊ लागली, मित्रांनो.

त्या वर्षी सिस्टर रजेवर होत्या, बदली माणूस नवखा होता. माझ्या शेजारी प्रत्येक मूल वीतभर उंच निघालं आणि प्रत्येकाच्या हातावर जास्तीच्या गोळ्या पडल्या. मुलं ओकली, चक्कर येऊन बसली. आया मुसळं घेऊन शाळेत आल्या. ओबिएरो गुरुजी घाम पुसत म्हणाले, "मी काय करू? सुताराचंच माप चुकलं." असं म्हणताना त्यांनी रूळ हळूच खणात सरकवला. मी पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं.

सिस्टर परतल्या, तरी पुढची दोन वर्षं एकाही आईने गोळी देऊ दिली नाही. विष मापणारा सुतार म्हणून ओदुओलला कुणी होडी सांगेना. मी कपाटात कोळिष्टकांत जळत उभी होते. आणि आपोंदीचं पोट तिच्या भावासारखंच फुगू लागलं.

थकून ती वर्गात पेंगायची. एकदा गुरुजींनी तिला रूळ मारला. ती रडली नाही, रुळाकडेच बघत राहिली. मळाखाली निळा रंग होता. हा निळा तिच्या बाबांचा होता! ती धावत घरी गेली.

दोन दिवसांनी सिस्टरनी पालकांना शाळेत बोलावलं. ओदुओल मला घेऊन पुढे झाला. "गुरुजी, तुमचा रूळ द्या जरा."

"रूळ? तो कशाला? शाळेची वस्तू आहे ती."

"द्या की! आम्ही काय मक्याच्या उगालीबरोबर खाणार आहोत?" एक आई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

ओदुओलने रूळ माझ्या पायाला लावला. रेषेला रेषा जुळली. मग कुणी हसलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?" सिस्टरनी विचारलं.

"तिथे काही लिहिलेलं नव्हतं..." गुरुजी पुटपुटले.

"आणि दोन वर्षं तुमच्या तोंडात जीभ नव्हती!" ओदुओल कडाडला.

यांना सरोवरात बुडवा, असं कुणीतरी ओरडलं. माझंही तेच मत होतं. पण ओदुओलने खिशातून होडीचे खिळे काढले आणि रूळ माझ्या पायाला कायमचा ठोकला. मग शिक्षा सांगितली. गोळ्यांच्या दिवशी गुरुजींनी जमिनीवर गुडघे टेकायचे आणि शेवटचं मूल जाईपर्यंत माझा पाय दोन्ही हातांनी धरून ठेवायचा.

पहिली आपोंदी आली. या खेपेस तिने टाचा उचलल्या नाहीत. माझ्या मापाने नेमक्या गोळ्या घेतल्या. आज तिचं पोट उतरलंय आणि ती बापाबरोबर रंधा मारते.

मित्रांनो, ज्यावर काही लिहिलेलं नाही ते लाकूड फुकट समजू नका. कापण्याआधी बनवणाऱ्याला विचारा. आणि चूक झालीच, तर लगेच बोला, कारण जंत थांबत नाही.

गुरुजींचे गुडघे आता दुखतात म्हणे. दुखू देत. त्या दिवशी आपोंदी गोळ्या गिळून खाली वाकली होती आणि जे बोलली, ते आता रांगेतलं प्रत्येक मूल दरवर्षी बोलतं :

"घट्ट धरा, गुरुजी. हलवू नका."