पोहोचल्याशिवाय केर नाही

"उम्मी, पोहोचले ग मी," पॅरिसच्या विमानतळावरून मी आईला धडधडीत खोटं सांगितलं.

माँट्रियलचं घर अजून समुद्रापलीकडे होतं. आमच्या विमानात काही बिघाड निघाला होता, ते आता दुसऱ्या दिवशी सुटणार होतं, आणि आम्ही सगळे बोचकी उशाला घेऊन बाकांवर पसरलो होतो. खोटं बोलायची वेळ आली ती हबीबामुळे. ती माझ्या माहेरची, स्फाक्सची आमची शेजारीण. थोड्या वेळापूर्वी फोनवर तिने माझी चांगलीच खरडपट्टी काढली होती.

"रौधा, तुझ्या आईला तूच समजाव बाई! अंगणात सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा खच पडलाय, वाऱ्याने आत स्वयंपाकघरापर्यंत गेलाय. मी झाडू घेतला तर हिसकावून घेतला! म्हणते, लेक पोहोचल्याशिवाय केर काढला तर तिची वाट पुसली जाईल."

आणि हे कोण? तर माझी आई. रोज सकाळी साबणाच्या पाण्याने अंगण घासणारी, मांजरालाही पाय पुसून आत यायला लावील अशी बाई.

मला तिथेच, कॉफीच्या टपरीसमोर रडू कोसळलं. कारण निघताना ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

चूक माझीच होती. मी हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते. वर्षाची सुट्टी साठवून घरी गेले, आणि महिनाभर आईचे गुडघेच बघत राहिले. जिना चढताना ती मध्येच थांबायची आणि कुंड्या बघतेय असं दाखवायची. शेवटच्या संध्याकाळी मावश्या, आत्या अंगणात बिया फोडत बसल्या होत्या. तेव्हा मी सगळ्यांदेखत बोलून गेले, "उम्मी, हे घर विकून टाक आणि माझ्याकडे चल."

"तुझ्या त्या बर्फाच्या पेटीत मरायला येऊ?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "मी जिवंत असताना चारचौघांत माझं घर विकायला काढलंस."

सकाळी तिने ऑलिव्हच्या तेलाचा डबा माझ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवला, पण दारापर्यंत आली नाही. हिची माझी शेवटची भेट अशीच व्हायची होती का, हे एकच माझ्या मनात ट्युनिसच्या विमानतळापर्यंत घोळत होतं.

"पोहोचलीस?" आता फोनवर आई विचारत होती. "मग जावयाला दे, मोन्सेफला."

"तो... तो आंघोळीला गेलाय."

नेमकी तेव्हाच वर भोंग्यातून कुठल्याशा विमानाची घोषणा झाली.

"तुमच्या न्हाणीघरात विमानं सुटतात वाटतं?" आई म्हणाली. "लबाड कुठली! आधी घरी पोच, मग तोंड उघड."

फोन कट. मी डोळे पुसत हसत होते. शेजारचे आजोबा घाबरून जरा सरकून बसले. शिव्या का असेनात, ती माझ्याशी बोलली होती.

दुसऱ्या दिवशी घरात पाऊल टाकलं आणि बूटही न काढता फोन लावला. आधी नवऱ्याला बोलायला लावलं.

"सलाम, उम्मी. हो हो, समोर उभी आहे. थोडी वाळलीय," मोन्सेफ म्हणाला. मी फोन ओढून घेतला.

"आता काढ ग केर. आणि घराचा विषय मी पुन्हा काढणार नाही."

"काढलास तरी मी ऐकणार आहे का?" ती म्हणाली. मग म्हणाली, "जेवून घे. तेल गळलं नाही ना?"

"नाही ग."

मागे झाडूची खरखर ऐकू आली. हबीबा वाटच बघत असणार. फोन चालू आहे हे आई बहुतेक विसरली होती.

"अग अग, थांब!" ती हबीबावर ओरडली. "बाकी सगळं झाड. तो कोपरा राहू दे. तिथे रौधा बसली होती."