छातीजवळचा चेंडू

बेसबॉलच्या सामन्यात पिचरने टाकलेला चेंडू फलंदाजाला मारता आला नाही, तर लोक टाळ्या वाजवतात. मिनेगिशीसानचा चेंडू फलंदाजाला मारता आला नाही, तर मिनेगिशीसान टोपी काढून त्याची माफी मागतात. सरावाला चेंडू टाकणाऱ्याचं कामच तसं आहे. रोज सामन्याच्या आधी जाळीआडून शंभर-सव्वाशे चेंडू टाकायचे, सगळे सरळ, सगळे कमरेच्या उंचीवर, ‘घे बाबा, मार’ म्हणून टाकलेले. मग हात बर्फात घालून बसायचं आणि सामना सुरू झाला की दिसेनासं व्हायचं.

मी हिरोसे, जपानमधल्या हारिमा हेरॉन्स संघाचा सामानवाला. बावीस वर्षं या संघाच्या बॅटी आणि चेंडूंच्या पाट्या वाहतोय. खेळाडू आले, गेले, कोणी मोठे झाले, कोणी डोक्यावर बसले. पण छातीठोकपणे सांगतो, मिनेगिशीसानसारखा चेंडू टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. शंभरातले अठ्ठ्याण्णव चेंडू ताटलीएवढ्या जागेतून जायचे. उरलेल्या दोनांसाठी ते संध्याकाळपर्यंत स्वतःवर चिडलेले असायचे.

आमचा संघ सहा संघांत सलग नऊ वर्षं सहावा. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून समोरचे प्रेक्षक ओरडायचे, “बगळ्यांनो, एका पायावर किती वेळ उभे राहणार? मासा कधीच गेला!” आमचे प्रेक्षक तरीही दहा धावांनी हरत असताना तुताऱ्या वाजवत राहायचे. अशा लोकांसमोर मान खाली घालून सामान आवरणं मला नऊ वर्षं फार जड गेलं.

या वर्षी मात्र चमत्कार झाला. दोन तरुण पिचर अचानक हाताला लागले आणि जूनचा पाऊस ओसरला तेव्हा आम्ही चक्क तिसरे होतो. पहिल्या तिघांत टिकलो तर शेवटच्या फेरीत खेळायला मिळणार होतं. सगळं गाव खूश होतं, फक्त कुरामोची सोडून.

कुरामोची आमचा मोठे फटके मारणारा फलंदाज, वय सदतीस. पडत्या काळातली सगळी वर्षं यानेच संघ ओढला. अकरा वर्षं तो सरावाला फक्त मिनेगिशीसानचा चेंडू घ्यायचा, दुसऱ्याचा नाही. सरावात अजूनही दहातले सात चेंडू प्रेक्षकांच्या गॅलरीत भिरकावायचा. आणि सामन्यात? जुलैत एकसष्ट वेळा बॅट घेऊन उभा राहिला आणि सहा फटके मारले. वर्तमानपत्रवाले विचारून थकले. तो बिचारा सराव वाढवत गेला, आणि सराव जितका झकास, तितका सामना भिकार.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या कांतोकुंनी, म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकांनी, त्याला बोलावून घेतलं. मी तिथेच हेल्मेटं पुसत होतो. सामानवाल्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

“कुरामोची, महिनाअखेरपर्यंत थांबतो,” कांतोकु म्हणाले. “मग दुसऱ्या फळीत जावं लागेल.”

“समजलं,” कुरामोची म्हणाला आणि वाकून निघून गेला. सदतिसाव्या वर्षी दुसऱ्या फळीत गेलेला माणूस परत येत नाही. त्यानंतर पत्रकार परिषद, फुलांचा गुच्छ आणि घर.

त्या दिवशी मी त्याच्या बॅटी बघत बसलो. सरावाच्या बॅटीवर चेंडूचे सगळे डाग एकाच जागी होते, अगदी भाकरीच्या मध्यावर करपल्यासारखे. सामन्यातल्या मोडलेल्या बॅटी मी टाकत नाही, कोपऱ्यात ठेवतो. त्या मोसमातल्या अकरा होत्या आणि अकराही मुठीजवळ मोडलेल्या. म्हणजे समोरचे पिचर त्याला आत टाकत होते, छातीजवळ, आणि त्याची बॅट पोचत नव्हती. मग सरावात एकदाही मुठीजवळ डाग कसा नाही? दुसऱ्या दिवशी वेग मोजायचं यंत्र मागून घेतलं आणि जाळीमागे उभा राहिलो. बाकीच्यांना मिनेगिशीसानचा चेंडू ताशी एकशे बारा किलोमीटरने जात होता. कुरामोचीला सत्त्याण्णवने, आणि तोही बाहेरच्या बाजूला दोन चेंडूंइतका.

जेवणाच्या खोलीत मिनेगिशीसान उदोनचा, म्हणजे जाड शेवयांचा, वाडगा घेऊन बसले होते. मी समोर जाऊन बसलो.

“मिनेगिशीसान, किती दिवस चाललंय हे?”

त्यांनी काड्या खाली ठेवल्या. “काय?”

“मला येड्यात काढू नका. सत्त्याण्णव!”

“दोन वर्षं,” ते वाडग्यात बघत म्हणाले. “एकदा त्याची बॅट उशिरा आली. अगदी जराशी. दुसऱ्या दिवशी मी थोडा हळू टाकला. त्याने असा खणखणीत मारला आणि हसला, हिरोसे. माणूस हसत मैदानात जावा, एवढंच माझं काम ना? मग पुन्हा उशीर झाला, मी आणखी हळू टाकला.”

“लाडावून ठेवलंत त्याला! आई पोराला भरवते तसं भरवत बसलात!”

“सांगितलं तर मोडेल तो.”

“आणि न सांगता काय होतंय? अकरा बॅटी मोडल्यात. आता माणूस मोडायचा राहिलाय.”

मी जास्तच बोललो. पण मला राग त्यांचा नव्हता. मीच इतकी वर्षं त्या बॅटी पुसत होतो आणि मला दिसलं नव्हतं, त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी मिनेगिशीसान सगळ्यांसमोर कुरामोचीकडे गेले. कानात सांगता आलं असतं, पण त्यांनी मोठ्याने सांगितलं. दोन वर्षं, सत्त्याण्णव, बाहेरच्या बाजूला, सगळं. मग कमरेत वाकले आणि वाकलेलेच राहिले. कुरामोचीचा चेहरा पांढराफटक पडला. तो त्यांच्या बाजूने निघून गेला.

तीन दिवस त्याने दुसऱ्याकडून चेंडू घेतले. दुसऱ्याचे चेंडू त्याला लागेनात. चेंडू मागे जाळीवर आदळायचे आणि तो बॅटीला शिव्या घालायचा. मिनेगिशीसान बाकीच्यांना टाकत होते आणि त्याच्याकडे बघतही नव्हते. मला वाटलं, संपलं. दोघांचंही संपलं, आणि तोंड उघडून मीच ते संपवलं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला मी पाट्या घेऊन मैदानात गेलो तर कुरामोची एकटाच उभा. उन्हाने मैदान तापलं होतं. त्याने मिनेगिशीसानच्या नेहमीच्या जागेच्या चार पावलं पुढे पायाने रेघ ओढली. तेवढ्यात मिनेगिशीसान आले.

“इथून टाका,” कुरामोची म्हणाला. “आत. जोरात.”

“इथून? चुकला तर तोंडावर बसेल.”

“मग चुकू नका.”

मिनेगिशीसान माझ्याकडे बघायला लागले. मी जाळी उचलून पुढे आणली, दुसरं काय करणार?

पहिल्या दिवशी तीस चेंडू झाले आणि एकही धड लागला नाही. प्रत्येक वेळी मिनेगिशीसानचा हात सवयीने टोपीकडे जायचा. सातव्या-आठव्या वेळी कुरामोची भडकला.

“ती टोपी घाला हो डोक्यावर! मला मारता आला नाही म्हणजे चेंडू चांगला होता ना? मग माफी कसली मागताय?”

“सवय आहे, बाबा.”

“सोडा ती सवय! आजपासून मी तुमचा वैरी. मला बाद करा.”

चव्वेचाळीस वर्षांच्या मिनेगिशीसानच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. पुढचा चेंडू असा आला की मी जाळीमागे असून मागे सरकलो.

पाचव्या दिवशी एक चेंडू कुरामोचीच्या बरगडीवर बसला. मिनेगिशीसान जाळीबाहेर धावले. कुरामोची गुडघ्यावर बसला, उठला, थुंकला आणि म्हणाला, “पुढचा.” आठव्या दिवशी त्याने बॅट एक मूठ वर धरली. ज्या माणसाने आयुष्यभर बॅट टोकाला धरून लांब फटके मारले, त्याने मूठ वर सरकवणं म्हणजे काय ते फलंदाजालाच विचारा. लांबचे फटके त्याने आपल्या हाताने सोडून दिले. मी पाट्या लावत होतो आणि मला रडू आवरेना. घाम पुसतोय असं दाखवलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कांतोकु अकराला येऊन उभे राहिले. दहा चेंडू बघितले. सहा लागले, सगळे जमिनीलगत, जोरात.

“मूठ वर धरलीस,” कांतोकु म्हणाले.

“हो.”

“सातव्या क्रमांकावर खेळशील?”

“कुठेही खेळेन.”

“शेवटच्या सामन्यापर्यंत खेळ. पुढचं तेव्हा ठरवू.”

सप्टेंबरभर कुरामोचीने एकही होमरन, म्हणजे थेट गॅलरीत जाणारा फटका, मारला नाही. पण रोज एखादा, कधी दोन फटके तो क्षेत्ररक्षकांच्या मधून काढायचा. आणि रोज सकाळी अकराला मिनेगिशीसान चार पावलं पुढून टाकायचे. दुपारी बाकीच्यांचे शंभर होतेच. महिन्याच्या मध्यावर ते डाव्या हाताने उदोन खायला लागले. अर्धं उदोन टेबलावर.

“खांदा गेलाय तुमचा,” मी म्हटलं. “डॉक्टरकडे चला.”

“डॉक्टर काय सांगणार? थांबा म्हणून. ऑक्टोबरमध्ये थांबेन. कोणाला बोललास तर तुझ्या बॅटी समुद्रात फेकीन.”

मी बोललो नाही. चुकलं असेल माझं.

एकशे त्रेचाळिसावा, शेवटचा सामना रविवारी दुपारी दोनला आमच्याच मैदानावर होता. जिंकलो तर तिसरे, नाहीतर चौथे. नऊपैकी आठव्या डावात दोन-दोन बरोबरी. आमचा एक गडी तिसऱ्या बेसवर, धावेला एकच टप्पा बाकी, तीनपैकी दोन बाद, आणि कुरामोची बॅट घेऊन निघाला. समोर त्यांचा सगळ्यात वेगवान पिचर, जुलैत ज्याने याच्या तीन बॅटी मोडल्या होत्या तोच. तुताऱ्या इतक्या जोरात वाजत होत्या की मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. आणि मी ओरडत होतो.

पहिले दोन चेंडू बाहेर गेले. तिसरा आत आला. छातीजवळ. काडकन आवाज झाला, बॅटीचे दोन तुकडे झाले आणि चेंडू हळूच उडून दुसऱ्या बेसच्या मागे गवतात पडला. फटका म्हणून इतका कुरूप फटका मी पाहिला नव्हता. पण धाव झाली. कुरामोची पहिल्या बेसवर पोचला तो हातात बॅटीची नुसती मूठ घेऊन.

त्याच्या जागी धावायला तरुण पोरगा गेला. कुरामोची परत आला तेव्हा कांतोकुंनी हात पुढे केला आणि एवढंच म्हणाले, “फेब्रुवारीत पुढच्या मोसमाच्या सरावाला वेळेवर ये.”

मी सामानबिमान टाकून पळालो. मिनेगिशीसान आतल्या सरावाच्या हॉलमध्ये होते. नवव्या डावात गरज पडली तर तयार असावा म्हणून युझावा नावाच्या राखीव फलंदाजाला चेंडू टाकत होते. सामना कुठलाही असो, त्यांचं काम तिथेच असतं. बाहेरचा गलका त्यांनी ऐकला होता, पण पाटी संपल्याशिवाय थांबायचे नाहीत.

“लागला!” मी दारातूनच ओरडलो. “कुरामोचीचा लागला! तीन-दोन!”

“कुठे होता चेंडू?”

“आत. छातीजवळ.”

“वेग?”

“एकशे एक्कावन्न.”

ते स्वतः पिचर म्हणून खेळत होते तेव्हाही त्यांचा चेंडू कधी एकशे चाळीसला पोचला नव्हता. हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

“बॅट उशिरा आली?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. मोडली, पण वेळेवर आली.”

ते नुसते मान हलवत राहिले. मग पुढचा चेंडू टाकायला हात उचलायला गेले आणि हात खांद्यापर्यंतच आला. दुसऱ्यांदा तेवढाही आला नाही. मिनेगिशीसान चेंडूंच्या पाटीशेजारी खाली बसले, आणि चव्वेचाळीस वर्षांचा तो माणूस ढसाढसा रडला. युझावाला काय करावं कळेना.

“माझे सहा राहिलेत,” तो बिचकत म्हणाला.

मी मिनेगिशीसानच्या मुठीतून चेंडू काढून घेतला आणि उरलेले सहा मीच टाकले. एकही मारण्यासारखा नव्हता.