मोजपट्टीवरचं कुंकू

मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंप्याची नव्हे हं! चिखलीतल्या लहान मुलांच्या दवाखान्यात, तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीवर माझं आयुष्य गेलं.

मित्रांनो, जीव धोक्यात आलेल्या बाळाला काट्यावर ठेवायला वेळ नसतो. मग मला त्याच्या शेजारी पसरतात. डोक्यापासून सुरुवात करायची आणि टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजन ठरवायचं. गुलाबी म्हणजे सहा-सात किलो, त्यापुढचा लाल म्हणजे आठ-नऊ; रंगावर किलोचा आकडाही छापलेला असतो. औषध त्या हिशेबाने भरतात, आणि जास्त झालं तर इवल्या हृदयाला झेपत नाही. म्हणून मी स्वभावानेच भित्री. नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. पुढे कुणी माझ्याने पडदेसुद्धा मोजले. माझं प्लॅस्टिकचं आवरण कडेला फाटलं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

आमच्या भागात खंडेनवमीला कंपनीतल्या मशिनपासून गॅरेजमधल्या पान्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. मग दवाखाना कसा मागे राहील? साफसफाई करणाऱ्या इंदुमावशींनी ट्रॉली पुसली, झेंडू वाहिला आणि मायेनं मलाही ओलं कुंकू लावलं. ते फाटक्या कडेतून आत झिरपलं. माझा गुलाबी रंग लालभडक झाला आणि माझा जीव टांगणीला लागला.

दोनच दिवसांनी मोशीहून एक जोडपं दुचाकीवरून घाईघाईने आलं. आईच्या कुशीत त्यांचा गणराज निळा पडला होता.

"डाक्टर, पोरगं श्वासच घेईना हो!" बाप ओरडला.

दिव्या डॉक्टर बाळाची छाती दाबू लागल्या. वर्षालीसिस्टरनी मला पसरलं. टाच नेमकी डागावर आली.

"लाल!" त्या म्हणाल्या.

अफरीनसिस्टरनी औषध हातात घेतलं, पण सिरिंज भरेनात. रंग आणि आकडा दोन्ही मोठ्याने सांगायचे, भरणारीने ते परत म्हणायचे, अशी आमच्याकडची शिस्त.

"ताई, आकडा?"

"अगं, लाल दिसतोय ना! भर लवकर!"

"आकडा सांगा ताई. त्याशिवाय नाही भरणार."

वर्षालीसिस्टरनी चिडून फाटक्या आवरणाखाली अंगठा घालून डाग घासला. त्यांचा आवाजच बदलला. "सात. अगं बाई, हा तर गुलाबी आहे!"

"गुलाबी, सात किलो," अफरीनसिस्टर म्हणाल्या. त्यांनी औषध भरलं, सिरिंजवर नाव चिकटवलं, वर्षालीसिस्टरना दाखवलं आणि मगच डॉक्टरांच्या हाती दिलं.

डॉक्टर दाबत होत्या, आई पदर चावत होती. आणि मग गणराज कुरकुरला, रडला!

दारातल्या इंदुमावशींना सिस्टरचा लाल अंगठा दिसला. "माझ्याच हातानं झालं की हो," त्या रडू लागल्या.

"मावशी, पट्टी फाटलेली आम्हालाही दिसत होती," वर्षालीसिस्टर हळूच म्हणाल्या.

आता ट्रॉलीवर नवी पट्टी आहे. नव्या सिस्टरना डाग दाखवायला मला भिंतीवर लावलंय. खंडेनवमीला मावशी ट्रॉलीच्या चाकाला कुंकू लावतात आणि मला लांबूनच हात जोडतात.

मित्रांनो, तुम्हीही जोडा, मला आवडेल. पण आमच्यातलं कुणी फाटलेलं दिसलं तर वेळीच बदला, आणि कितीही घाई असली तरी वाचून मोठ्याने म्हणा. त्या बाळाला बोलता येत नव्हतं आणि मलाही नाही. अशा वेळी बोलणारे फक्त तुम्हीच असता.